पाळणाघराचे पैसे सरकार देतं का?

प्रश्न : ताई नमस्कार, मी पिंपरीजवळ एका मोठ्या कंपनीत हाऊसकीपिंगला आहे पण कॉन्ट्रॅक्टरकडून, मिस्टर टेम्पो चालवतात. मुलगी दोन वर्षांची आहे, सासूबाई गावी गेल्यापासून तिला शेजारच्या काकूंकडे ठेवते, त्या महिन्याला अडीच हजार घेतात आणि दूध-डबा आपलाच. आमच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय की नोकरी करणाऱ्या गरीब आयांना पाळणाघराचे पैसे सरकार खात्यात टाकतं, तर फॉर्म कुठं मिळेल? कंपनीत पाळणाघर आहे पण सुपरवायझर म्हणतो ते पर्मनंटवाल्यांसाठी, तुमचा संबंध नाही.

उत्तर : फॉर्म शोधत बसू नका, पाळणाघराच्या फीचे पैसे थेट आईच्या खात्यात टाकणारी योजना आपल्याकडे नाहीये. खात्यात येतात ते लाडक्या बहिणीचे दीड हजार आणि बाळंतपणाला केंद्राच्या मातृवंदना योजनेचे, पहिल्या बाळाला ५ हजार, दुसरी मुलगी झाली तर ६ हजार, त्यांचा पाळणाघराशी काही संबंध नाही. आणि कोणी फॉर्म भरून देतो म्हणून शंभर-दोनशे मागत असेल तर एक रुपया देऊ नका, ओटीपी तर अजिबातच नाही.

तुमच्या पत्रातली खरी कामाची गोष्ट सुपरवायझरची आहे. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, जिथे ५० किंवा जास्त कर्मचारी आहेत तिथे पाळणाघर पाहिजेच, आणि हे ५० म्हणजे ५० बायका नाही हं, सगळे मिळून ५०, आमच्याकडे लेडीज पाचच आहेत हे कारण चालत नाही. आता त्या कायद्याच्या जागी आलेल्या नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आकडा ५० चाच ठेवलाय. आईला दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊ द्यायचं, जेवणाची-विश्रांतीची सुट्टी त्यातच धरून. कॉन्ट्रॅक्टचं म्हणाल तर १९६१ च्या मूळ मातृत्व लाभ कायद्यातच थेट कामाला लागलेली असो नाहीतर एजन्सीमार्फत, दोघी धरल्या होत्या, आणि केंद्राने २०१८ ला पाळणाघरांसाठी जी मार्गदर्शक सूचना काढली तिच्यात तर टेम्पररी, रोजंदारी, कॉन्ट्रॅक्ट असं सगळ्यांना सुविधा द्या असं लिहिलंय. म्हणजे सुपरवायझर जे बोलतो ते त्याच्या मनचं आहे.

पण तोंडी भांडू नका, साधा अर्ज लिहा, एक एचआरला एक कॉन्ट्रॅक्टरला, आपल्या कॉपीवर पोहोच घ्या, शिक्का देत नसतील तर अर्जाचा फोटो काढून व्हॉट्सअॅपवर किंवा मेलवर पाठवा म्हणजे तारीख राहते. आणि एकटीने नका जाऊ, लहान मुलं असलेल्या चार-पाच जणी मिळून सह्या करा, एकटी गेली की तिचंच नाव होतं आणि पुढच्या महिन्यात साइट बदलतात, हे मी लपवून काय उपयोग. उत्तर आलं नाही तर कामगार आयुक्तांच्या ऑफिसात तक्रार देता येते. फी घ्यायची का नाही हे कायद्यात स्पष्ट नाही, त्यामुळे तेही अर्जातच विचारून घ्या, नाहीतर प्रवेश मिळेल आणि शेजारच्या काकूंपेक्षा जास्त बिल येईल.

प्रश्न : मी चार घरची धुणीभांडी करते, बाळ आठ महिन्यांचं आहे. अंगणवाडीत ठेवतील का?

उत्तर : साध्या अंगणवाडीत नाही. तिथे बसवतात ते ३ ते ६ वर्षांची मुलं, तीही थोडे तास, बाळासाठी तुम्हाला घरी न्यायचा आहार मिळेल, तेवढा नाव नोंदवून नक्की घ्या. बाळ ठेवायचं तर पाळणाघर जोडलेली अंगणवाडी लागते, केंद्राच्या मिशन शक्तीमधली पाळणा योजना म्हणतात ती, तिथे ६ महिन्यांपासून ६ वर्षांपर्यंत घेतात. आई कुठे नोकरीला आहे याचा पुरावा लागायला नको कारण ही योजना सगळ्याच आयांसाठी आहे. केंद्राच्या आधीच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घरांना महिन्याला २० रुपये फी होती, वेळ दिवसाला साडेसात तास, महिन्यातून २६ दिवस.

गोम एवढीच की देशात १४ लाखांच्या आसपास अंगणवाड्या आणि पाळणाघर जोडायचं ठरलं १७ हजारांत, म्हणजे शंभरात जेमतेम एक, त्यामुळे तुमच्या वस्तीत असेलच असं नाही. सेविकाताईंना सरळ विचारा की आपल्या प्रकल्पात पाळणा केंद्र कुठं आहे, त्यांना माहीत नसेल तर पर्यवेक्षिका किंवा सीडीपीओ म्हणजे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या ऑफिसला जा. जाताना जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, आधार घेऊन जा, आणि वेळ आधी विचारा, तुमचं पहिलं घर सकाळी सातला असेल आणि केंद्र साडेनऊला उघडत असेल तर ते दोन-अडीच तास बाळ कुठं हा प्रश्न राहतोच, तिथं एका घरची वेळ पुढे ढकलून मिळते का ते त्या बाईंशी बोलून बघा.