भावाला दोनदा फिट आली पण ईईजी नॉर्मल, तरी डॉक्टर एपिलेप्सी का म्हणतात?

हो, ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) नॉर्मल असूनही एपिलेप्सी, म्हणजे अपस्मार किंवा मिरगी, असू शकते, कारण निदान मुख्यतः फिट कशी आली त्या वर्णनावरून होतं, ईईजी फक्त तपासणीच्या त्या अर्ध्या तासातला मेंदू दाखवतो. मी ठाण्यात डोक्याला पेस्ट लावून ईईजीच्या वायरी चिकटवायचंच काम करते. २०१४ च्या आंतरराष्ट्रीय व्याख्येत साखर उतरणं वगैरे तात्कालिक कारण नसताना २४ तासांहून जास्त अंतराने दोन फिट्स आल्या की एपिलेप्सी, किंवा एकच आली पण १० वर्षांत परत यायची शक्यता ६० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असेल तरी. मात्र लोकलच्या गर्दीत चक्कर येऊन पडलेला माणूसही कधी कधी झटके देतो आणि ती फिट नसते, म्हणून पुढच्या वेळी कांदा-चप्पल नाकाला लावण्यापेक्षा एकाने कुशीवर वळवा, दुसऱ्याने मोबाईलवर व्हिडिओ काढा, न्यूरोलॉजिस्टला तोच दाखवा.