मुलांना टेबल टेनिसमधला डिफेन्स कसा शिकवायचा? माझी मुलं नुसतं पुश करत राहतात (बॉल खालून हलकेच ढकलून परत देतात) आणि हरतात

तुमची मुलं डिफेन्समुळे हरत नाहीयेत, प्रत्येक बॉल एकसारखा परत जातोय म्हणून हरतायत. दोन-चार बॉल झाले की समोरच्याला कळतं आता काय येणार, मग तो आरामात उभा राहून मारतो. मीपण सुरुवातीला हेच केलं, एका मुलीकडून कितीतरी महिने फक्त चॉप (टेबलापासून मागे राहून बॉल खालून कापत परत देणं) घोटून घेतला, रॅली मस्त लांबायची पण पॉइंट काही मिळायचा नाही.

मग ॲक्शन तीच ठेवून स्पिन बदलायला शिकवलं. एक चॉप बॉलच्या खालून पातळ घासून, मनगट वापरून, आणि पुढचा चॉप, हात तस्साच फिरवून पण बॉल रबरवर जरा जाड लागू द्यायचा, म्हणजे स्पिन जवळजवळ नसतोच. समोरचा सवयीने उचलायला जातो आणि बॉल टेबलाबाहेर. ड्रिल असं घ्या, मारणाऱ्याने मारायच्या आधी मोठ्याने "जड" (भरपूर स्पिन) किंवा "हलका" (स्पिन नाही) ओरडायचं, चुकला की पॉइंट चॉपरला. यात अटॅक करणारं पोरगंसुद्धा स्पिन वाचायला शिकतं.

पायांवर मात्र भरपूर वेळ द्या. चॉपरला मागे ठेवून समोरचा एकदम नेटजवळ बॉल टाकतो, पुढे धावत यायचं आणि लगेच परत मागे जायचं, खरी दमछाक तिथे होते. चॉप बॉल खाली येताना, कमरेच्या आसपास घ्यायचा. ब्लॉकचं (समोरच्याचा जोरदार बॉल नुसती बॅट धरून अडवणं) उलट, तो टेबलाजवळ, टप्पा पडल्या पडल्या, हात सैल, आणि प्लेसमेंट समोरच्याच्या कोपरावर, कारण तिथे फोरहँड की बॅकहँड हे ठरवण्यातच तो अडकतो.

लाँग पिंपल रबर (बॅटवरचं लांब दाण्यांचं रबर) लगेच देऊ नका प्लीज. त्यावर समोरच्याचा टॉपस्पिन (पुढे फिरणारा बॉल) बॅकस्पिन (उलटा फिरणारा) होऊन परत जातो, फुकटात पॉइंट मिळतात आणि मुलं हात वापरायचंच सोडून देतात.

शिवाय नुसतं परत करत राहायला एक्स्पिडाइट नियम आडवा येतो. गेम 10 मिनिटं चालला आणि दोघांचे मिळून 18 पॉइंट झाले नसतील तर तो लागतो, मग रिसीव्हरने 13 रिटर्न केले की पॉइंट त्याचा, म्हणजे सर्व्ह आपली असताना मारावंच लागतं. कोरियाचा जू से-ह्युक चॉपर असून 2003 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपच्या सिंगल्स फायनलला पोचला, त्याचा फोरहँड अटॅक जबरदस्त होता, त्याच्या मॅचेस मुलांना दाखवाच. मी प्रॅक्टिस मॅचमध्ये चॉपरने स्वतः मारून जिंकलेल्या पॉइंटला दोन पॉइंट देतो, त्यानंतर पोरं आपोआप सैल बॉल शोधायला लागतात.