टोकियोत पहिल्यांदाच सुशी खाणार आहे. कुठे जावं, काय मागवावं?

कामानिमित्त टोकियोला येताय, मासे घरात नेहमीचेच, पण कच्चा मासा कधी तोंडात घातलेला नाही, तेव्हा सुशीच्या, म्हणजे आंबूस भातावर माशाचा काप ठेवलेल्या घासांच्या, दुकानात जावं की नको, असं तुम्ही विचारलंय. जाच. दुपारी जा, गल्लीतलं छोटं दुकान बघा आणि टेबल रिकामं असलं तरी काउंटरवर बसा.

मी इथे निशिकासाईत राहतो. भारतातून कुणी आलं की हेच सांगतो. रात्रीचं नामांकित ठिकाणचं 'ओमाकासे', म्हणजे काय वाढायचं ते सगळं शेफवर सोपवायचं, माणशी वीस-तीस हजार येनांवर सहज जातं आणि पहिल्या खेपेला त्यातले बारकावे लक्षात येत नाहीत. फिरत्या पट्ट्याची दुकानं, म्हणजे जिथे सुशीच्या बशा पट्ट्यावरून तुमच्यासमोर येतात ती, स्वस्त. ओसाकात योशिआकी शिराइशींनी 1958 मध्ये पहिलं काढलं. मुलं बरोबर असतील तर तिथे जरूर न्या. पण मोठ्या साखळी दुकानांत भात बहुधा यंत्र वळतं आणि माझ्या मते सुशीचा जीव भातात आहे.

काउंटरवर बसलात की ते डोळ्यांसमोर दिसतं. शिजवलेल्या भातात व्हिनेगर, मीठ, कुठे थोडी साखर घातलेली असते आणि तो अंगाच्या उबेइतकाच कोमट ठेवतात. काही जुन्या वळणाची दुकानं साके या तांदळाच्या दारूच्या चोथ्यापासून केलेलं तांबडं व्हिनेगर वापरतात, तिथला भात फिकट तपकिरी दिसतो. शेफ हात ओला करतो, लाकडी डब्यातून चिमूटभर जास्त नाही की कमी नाही इतका भात उचलतो, माशाच्या कापावर वासाबीचं, म्हणजे झणझणीत हिरव्या चटणीचं, बोट लावतो आणि चार-पाच हालचालींत घास वळून तुमच्यापुढे ठेवतो. भात वरून घट्ट, आत मोकळा. तो जिभेवर सुटतो, तेव्हाच माशाची चव कळते. म्हणून समोर आला की लगेच खा, फोटो काढायचाच तर एक काढा.

दुपारच्या सेटला बहुधा तीन प्रती असतात: नामी (साधी), जो (वरची), तोकुजो (सगळ्यात वरची). मधली 'जो' घ्या. साध्या दुकानात दोन-तीन हजार येनांत पोटभर जेवण होतं.

आता कच्च्याची भीती. टोकियोची ही सुशी 1820 च्या दशकात हानाया योहेईच्या हातून रुळली असं मानतात. तेव्हा शहराचं नाव एदो होतं आणि बर्फाची सोय नव्हती. म्हणून मासा मिठात, व्हिनेगरात, सोया सॉसमध्ये मुरवायचा किंवा शिजवायचा, आणि ती रीत अजून आहे. तुम्ही सुरुवात तिथूनच करा. उकडलेली कोळंबी, गोडसर अंड्याचं 'तामागो', मऊ शिजवून वर दाट सॉस लावलेली 'आनागो', जी आपल्या वामीच्या जवळची. मग 'साबा', म्हणजे बांगड्याच्या कुळातला मासा, आधी मिठात आणि मग व्हिनेगरात ठेवलेला. बांगडा आवडत असेल तर हा आवडेलच. त्यानंतर ट्यूनाचा लाल भाग, 'आकामी'. वास येईल अशी धास्ती असते, पण चांगल्या दुकानात वास येतच नाही. गर्भवती किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी मात्र कच्चं टाळावं.

दुकानांना मासा पुरवणारा टोकियोतला तोयोसूचा घाऊक बाजार (2018 मध्ये जुन्या त्सुकिजी बाजारातून तिकडे हलला) रविवारी आणि काही बुधवारी बंद असतो, त्यामुळे मी आठवड्याच्या मधले इतर दिवस धरतो.

हाताने खाल्लं तरी चालतं. सोया सॉस माशाच्या बाजूला लावा, भात बुडवला तर तो सुटून वाटीत पडतो. शेफने आधीच ब्रशने सॉस फिरवला असेल तर तेही नको. वासाबी आतच असते, नको असेल तर 'साबी-नुकी' म्हणा. आल्याची लोणच्याची कापं दोन घासांच्या मधे खायची, सुशीवर ठेवायची नाहीत. अत्तर लावून जाऊ नका, शेजारच्याचा घास बिघडतो. टिप द्यायची पद्धत नाही, उठताना 'गोचिसोसामा', म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणा, शेफला खरंच बरं वाटतं.

बरोबर कुणी शाकाहारी असेल तर काकडीची गुंडाळी, 'काप्पा-माकी', सांगा. मिसो सूप, 'तामागो' आणि तळलेल्या टोफूची 'इनारी' यांत बहुधा सुक्या माशाचं पाणी, 'दाशी', असतं, ते त्या शाकाहारी माणसाला आधीच सांगून ठेवा.