व्हिक्टोरियन घर बघताना

सॅन फ्रान्सिस्कोतली व्हिक्टोरियन घरं बघायला निघालात की आधी रंगांकडे काणाडोळा करा. ती भडक रंगसंगती बरीचशी १९६० नंतरची. खरी कारागिरी आहे खालच्या रेडवूड लाकडात. सुरुवात फ्रँकलिन स्ट्रीटवरच्या हास-लिलिएन्थल घरापासून करा. १८८६ चं बांधकाम, १९०६ चा भूकंप आणि आग, दोन्हींतून वाचलेलं.

भिंतीवर माशाच्या खवल्यांसारख्या फळ्या दिसल्या की जवळ जा. वरची ओळ खालच्या ओळीचे सांधे झाकते, त्यामुळे पाणी आत न शिरता निथळून जातं. नक्षीचे पुष्कळसे तुकडे गिरणीत यंत्रावर कापलेले असत, पण म्हणून नाराज होऊ नका. गोल मनोऱ्याच्या वळणावर ते बिनफट बसवणं हे सुताराच्या हातचंच काम.

आणि वर-खाली सरकणारी जुनी खिडकी उघडायला मिळाली तर सोडूच नका! चौकटीच्या पोकळीत दोरी, कप्पी आणि लोखंडी वजनं दडलेली असतात. वजनांचा तोल तावदानाशी जुळवलेला, म्हणून जड काच अलगद उचलली जाते आणि सोडाल तिथे थांबते. दोरी तुटली म्हणून लोक अख्खी खिडकी काढून प्लास्टिकची बसवतात, तेव्हा फार वाईट वाटतं. नवी दोरी ओवली की भागतं हो.