घरी छापयंत्र नसताना लिनोलियमवर हाताने कोरून मैफलीचे भित्तिपत्रक छापता येते का?

आपल्या प्रश्नाचा आशय मी असा समजतो: महाविद्यालयाच्या संगीत मंडळाच्या वार्षिक मैफलीसाठी साठ-सत्तर भित्तिपत्रके हवी आहेत, अमेरिकेतील ‘हॅच शो प्रिंट’ची कामे पाहून तसे काही करावे असे वाटले आहे, मजकूर मराठी आहे, आणि जवळ छापयंत्र नाही. होय, करता येते. मी मुद्राचित्रणाचे रीतसर शिक्षण घेतले असून गाण्याच्या कार्यक्रमांसाठी अशी पत्रके अधूनमधून छापत आलो आहे. माझ्या मते या कामात कोरण्यापेक्षा काय कोरायचे नाही हे ठरवणेच अधिक कठीण असते.

ज्या छापखान्याचा आपण उल्लेख केला आहे तेथूनच हे शिकता येते. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे चार्ल्स आणि हर्बर्ट हॅच या दोघा भावांनी १८७९ साली हा छापखाना काढला. त्यांचे पहिले काम एका धर्मोपदेशकाच्या व्याख्यानाचे हस्तपत्रक होते. पुढे सर्कशी, फिरते खेळ आणि ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नॅशव्हिलच्या कंट्री संगीताच्या रेडिओ-कार्यक्रमातील गायकांचे दौरे यांची पत्रके तेथे छापली जाऊ लागली. चार्ल्सचा मुलगा विल याच्या कारकिर्दीत मोठमोठी चित्रे हाताने कोरून छापण्याची या छापखान्याची ओळख पक्की झाली. आज तो तेथील कंट्री संगीताच्या संग्रहालयाचा भाग आहे, आणि लाकडी टाईप, म्हणजे सुटी तयार अक्षरे, व कोरलेले ठसे यंत्रावर बसवून मैफलींची पत्रके अजूनही त्याच पद्धतीने छापतो. या पत्रकांकडे नीट पाहिल्यास लक्षात येईल की चित्र कोरलेले असते, परंतु बहुतेक अक्षरे तयार टाईपची असतात. त्या काळच्या दौऱ्यांच्या पत्रकांवर तर वरचा भाग कोरा सोडलेला असे. गायकाचे चित्र आणि नाव एकदाच मोठ्या संख्येने छापायचे, आणि प्रत्येक गावी पोहोचल्यावर त्या कोऱ्या जागेत गावाचे नाव, सभागृह व तारीख टाकायची. दुकानाच्या काचेत उभे करण्याजोग्या जाड कागदावरील अशा पत्रकाचे रूढ माप १४ × २२ इंच होते.

आपणही हीच विभागणी करावी. लिनोवर, म्हणजे लिनोलियमच्या तुकड्यावर, चित्र आणि कार्यक्रमाचे नाव कोरावे, फार तर कलाकाराचे आडनाव. वार, तारीख, वेळ, स्थळ, प्रवेशिकांचे दर आणि दूरध्वनी क्रमांक हे लिनोवर अजिबात कोरू नये. अर्ध्या इंचाहून लहान अक्षर मऊ लिनोवर स्वच्छ कोरणे नवख्याला जवळजवळ अशक्य असते, आणि दहा अंकी क्रमांकातील एक अंक उलटा राहून गेला तर सगळा ठसा वाया जातो. हा मजकूर खालच्या पट्टीत वेगळ्याने छापावा. त्याचा मार्ग पुढे सांगतो.

आता साहित्याकडे वळू. खरे लिनोलियम हे जवसाचे घट्ट केलेले तेल, राळ, बुचाचा व लाकडाचा भुसा यांचे मिश्रण तागाच्या कापडावर थापून बनवतात. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक वॉल्टनने १८६०च्या दशकात जमिनीवर अंथरण्यासाठी ते तयार केले. चित्रकारांनी ते पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी हाती घेतले. कलासाहित्याच्या दुकानात ‘लिनो’ म्हणून जे मिळते ते काही वेळा नुसते रबरासारखे प्लास्टिक असते, तेव्हा पाठीमागे तागाचे विणकाम दिसते का आणि तेलाचा वास येतो का हे पाहून घ्यावे. प्लास्टिकचा तुकडा वाईट नसतो, कोरायला तर तो अधिक सोपा असतो, पण बारीक रेषेच्या कडा त्यावर दबतात. लाकडाप्रमाणे लिनोला रेषा नसतात, त्यामुळे कोरणी कोणत्याही दिशेला सारख्याच जोराने चालते आणि मोठी वळणे निर्वेध घेता येतात. मात्र जुना तुकडा कडक झालेला असतो. असा तुकडा थोडा वेळ उन्हात ठेवावा किंवा वर कापड घालून त्यावरून कोमट इस्त्री फिरवावी, म्हणजे कोरणी सहज शिरते.

देवनागरीबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण इंग्रजीतील मार्गदर्शिका येथे उपयोगी पडत नाहीत. ठसा उलटा कोरावा लागतो, हे सर्वांना ठाऊक असते. परंतु त्यासाठी उलटी अक्षरे काढत बसण्याची गरज नाही. अक्षरे कागदावर सुलट काढून त्यांची झेरॉक्स घ्यावी, ती लिनोवर पालथी ठेवावी आणि पाठीवरून थिनरचा बोळा दाबत फिरवावा. काळी पावडर लिनोवर उतरते आणि अक्षरे आपोआप उलटी होतात. त्याआधी लिनोचा पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरने हलका घासून घ्यावा. इंकजेटवर काढलेली प्रत मात्र अशी उतरत नाही.

अक्षरे उठावात ठेवायची की खोदून पांढरी ठेवायची, हा पुढचा निर्णय. उठावात ठेवल्यास आपली शिरोरेषा मोठे काम करते: ती शब्दातील सर्व अक्षरांना एका जाड पट्टीने जोडते, त्यामुळे रोमन अक्षरांप्रमाणे एखादे अक्षर सुटे पडून त्याची कड तुटण्याची भीती कमी राहते. धोका असतो तो अनुस्वाराचा. तो एकटा उभा असलेला ठिपका असून त्याच्या बुंध्याशी कोरणी आत घुसली, तर छापताना तो उडून जातो. म्हणून कोणत्याही रेषेची बाजू आत कापलेली नसावी, ती बाहेरच्या अंगाला उतरती असावी, डोंगराच्या पायथ्यासारखी. अक्षरे खोदून पांढरी ठेवायची असतील, तर अडचण नेमकी उलटी होते. ‘ब’, ‘ष’ किंवा ‘क्ष’ यांच्या पोटातील जागा चिमुकली बेटे बनतात. अशा वेळी मी अक्षराचे पोट मुद्दाम मोठे काढतो आणि दांडा बारीक करतो.

ओळींमधील अंतराचा विचारही आधीच करावा. अक्षराच्या उंचीच्या निम्मी जागा वर वेलांटी-मात्रांसाठी आणि जवळपास तेवढीच खाली उकारासाठी लागते, म्हणजे दोन ओळी म्हणता म्हणता पान भरते. खिळ्यांच्या, म्हणजे धातूच्या सुट्या टाईपच्या, छपाईत ही जागा प्रत्येक ओळीला सोडावीच लागते. हाताने कोरताना मात्र वरच्या ओळीचा ‘ू’ खालच्या ओळीतील दोन मात्रांच्या मधल्या फटीत बसवता येतो, आणि मला विचाराल तर हाताने अक्षरे कोरण्याचे खरे कारण हेच आहे. संगणकावरचा फाँट गिरवणार असाल, तर त्यातील ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, तेवढे पाहावे. हिंदी वळणाचा ‘ल’ दीड फुटी पत्रकावर फारच डोळ्यांत खुपतो.

चित्रासाठी तंबोऱ्याच्या भोपळ्यावर डोके टेकलेला गायक काढू नये, अशी माझी विनंती आहे. ते चित्र आपण सर्वांनी पुष्कळदा पाहिले आहे. लिनोला सपाट काळे आणि सपाट पांढरे आवडते, म्हणून असे वाद्य शोधावे ज्यात हे दोन्ही आधीच आहे. तबल्याची पुडी वरून पाहिली तर मध्ये शाईचे काळे वर्तुळ, भोवती लवेचा पांढरा पट्टा, मग चाट म्हणजे कडेची चामड्याची पट्टी, आणि तिच्या काठाला गजरा म्हणजे गुंफलेली कड: एवढेच चित्र सतरा इंच रुंद पानभर केले, तर रस्त्याच्या पलीकडून कळते. चेहराच हवा असेल, तर चित्रकार नंदलाल बोस यांनी १९३० साली केलेले काठी घेऊन चालणाऱ्या गांधीजींचे लिनोचित्र अवश्य पाहावे. त्यात पार्श्वभूमी काळी ठेवून आकृती मोजक्या पांढऱ्या रेषांनी उभी केली आहे. नवख्या माणसाला हीच पद्धत सोयीची, कारण कोरलेली रेषा म्हणजेच चित्रातील रेषा असते, आणि तिच्या दोन्ही बाजू साफ करत बसावे लागत नाही.

बारीक रेषांना इंग्रजी व्ही आकाराची आणि मोकळी जागा साफ करायला यू आकाराची, अशा दोन-तीन कोरण्या पुरतात. वळण घेताना हात न वळवता लिनो फिरवावे. दुसरा हात नेहमी कोरणीच्या मागे असावा, पुढे कधीही नसावा. तागापर्यंत खोल जाण्याची गरज नाही, एक-दीड मिलिमीटर पुरते. मात्र मोकळी जागा जितकी रुंद, तितकी ती अधिक खोल करावी, कारण दाब देताना कागद तेथे खाली झुकतो आणि तळाची शाई घेतो. साफ केलेल्या जागेत कोरणीचे जे तुरळक ओरखडे छापले जातात, ते मी राहू देतो. हाताने कोरल्याचा भास व्हावा म्हणून मुद्दाम ओरखडे काढणे मात्र मला ढोंग वाटते.

छपाईला तेलाची शाई घ्यावी. ऑफसेटची साधी काळी शाई उत्तम चालते, पाण्याची शाई आपल्या हवेत काचेवरच वाळू लागते. काचेवर थोडी शाई पसरून त्यावर रबरी रोलर इतका फिरवावा की चरचर असा बारीक आवाज यावा. चिकट, ओला आवाज येत असेल तर शाई जास्त झाली आहे. एकदाच जाड थर देण्यापेक्षा चार-पाच पातळ थर द्यावेत. पातळ, गुळगुळीत कागद वर ठेवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने लहान लहान गोलाकारांत घासत जावे, आणि एक कोपरा उचलून शाई कुठे कमी पडली ते पाहत राहावे. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद दिसायला फार सुंदर असतो, परंतु त्याचे जाड, खरबरीत प्रकार चमच्याने छापायला योग्य नाहीत. पहिल्या दोन-तीन प्रती फिक्या येतात, कारण नवे लिनो शाई पिते. या मापाची काळ्याने भरलेली एक प्रत हाताने काढायला दहा-पंधरा मिनिटे लागतात, तेव्हा साठ-सत्तर प्रतींसाठी मंडळातील दोन-तीन जणांना बसवावे. एकाचे हात शाईचे, दुसऱ्याचे स्वच्छ, ही शिस्त मोडू देऊ नये.

रंगाचा मोह पहिल्या वेळी आवरावा, किंवा रंगीत कागदावर काळे छापून तो भागवावा. काचेच्या दोन टोकांना दोन रंग ठेवून रोलर किंचित डावी-उजवीकडे सरकवत फिरवला, तर एकाच छापात पिवळ्यापासून लालपर्यंत उतरता रंग मिळतो. तेवढे धाडस जरूर करावे. पिकासोने फ्रान्समधील व्हालोरिस येथे १९५०च्या दशकात बैलझुंजींची आणि कुंभारकामाच्या प्रदर्शनांची लिनोपत्रके केली. एकच ठसा टप्प्याटप्प्याने कोरत जाऊन प्रत्येक टप्प्यावर नवा रंग छापण्याची रीतही त्याने तेथे पुष्कळ वापरली. ती मोहक आहे, पण तिच्यात शेवटच्या रंगापर्यंत ठसा जवळजवळ संपतो आणि एकही जादा प्रत पुन्हा काढता येत नाही. आपल्या कामाला ती उपयोगाची नाही.

तारीख-वेळेच्या पट्टीसाठी गावातील जुना छापखाना शोधावा. बिलबुकांना क्रमांक टाकण्यासाठी आणि डाय म्हणजे साचा लावून पुठ्ठे कापण्यासाठी काही ठिकाणी ट्रेडल मशीन, म्हणजे मुळात पायाने चालवायचे लहान छापयंत्र, अजून चालू आहे, आणि मालकाकडे मराठी खिळ्यांच्या केसेस, म्हणजे कप्प्यांच्या पेट्या, उरल्या असतील तर तो चार ओळी आनंदाने जुळवून देतो. ठसाही त्याच यंत्रावर छापायची इच्छा झाली, तर त्याची एकूण उंची खिळ्याएवढी, म्हणजे ०.९१८ इंच किंवा सुमारे २३.३ मिलिमीटर हवी: ३.२ मिलिमीटरचे लिनो १९ मिलिमीटरच्या प्लायवर चिकटवून उरलेला फरक खाली कागदाच्या पट्ट्या घालून भरतात. लहान ट्रेडलवर १० × १५ इंचांहून मोठे काम बसत नाही, तेव्हा चित्र घरी आणि पट्टी यंत्रावर, अशी वाटणी बहुधा करावी लागेल. छापखाना न मिळाल्यास पट्टीपुरता रबरी शिक्का करून घ्यावा, किंवा सुवाच्य अक्षर असलेल्या कोणाकडून सर्व प्रतींवर ती हाताने लिहून घ्यावी.

पत्रके दोरीवर चिमट्यांनी वाळत घालावीत. उन्हाळ्यात दोन-तीन दिवस पुरतात, पावसाळ्यात आठवडा धरावा, आणि पट्टीची छपाई चित्र वाळल्यावरच करावी. यामुळे चित्राची छपाई कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी संपलेली असावी. सार्वजनिक भिंतींवर पत्रके चिकटवू नयेत, त्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५चा मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा आहे. ओळखीची दुकाने, ग्रंथालय आणि वाद्यांच्या कारागिरांच्या काचा याला अधिक चांगल्या. दहा-बारा प्रती पेन्सिलीने क्रमांक घालून, सही करून मैफलीच्या दिवशी विक्रीसाठी ठेवाव्यात, कागद-शाईचा खर्च त्यातून बहुधा निघतो. ठसा रॉकेलच्या फडक्याने पुसून, सपाट आणि उन्हापासून दूर ठेवावा. त्यावर तारीख कोरलेली नसल्याने पुढच्या वर्षी फक्त पट्टी बदलावी लागेल.