गाडी सकाळी सेल्फ घेत नाही, मेकॅनिक बॅटरी बदला म्हणतो. बदलू का?

एवढ्यात बदलू नका. तुम्ही लिहिलंय की गाडी १२ वर्षांची, बॅटरी दोनच वर्षांची, चावी फिरवली की नुसती टकटक, आणि धक्का दिला की लगेच चालू. चिपळूणच्या पावसाळ्यात माझ्या गाडीचंही हेच झालं होतं. मी नवी बॅटरी घेऊन मोकळा झालो आणि चार दिवसांत पुन्हा तीच टकटक!

दोष निघाला अर्थिंगच्या केबलमध्ये. बॅटरीच्या मायनसपासून बॉडी आणि गिअरबॉक्सकडे जाते ती जाड केबल. तिच्या बोल्टाखाली गंज धरला होता. सेल्फला, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या स्टार्टर मोटरला, शंभराच्या वर अँपिअर लागतात, तेवढे गंजातून जात नाहीत. हॉर्न-दिव्यांचं मात्र थोडक्यात भागतं, म्हणून ते ठणठणीत दिसतात आणि आपण फसतो.

साधा मल्टिमीटर घ्या आणि २० व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या मायनस खांबावर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि घरच्या कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. आकडा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर केबल नाहीतर तिचा जोड खराब. बोल्ट सोडवा, पॉलिश पेपरने धातू चकचकीत करा, आवळा, वरून ग्रीस लावा. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवा. काढताना मायनस आधी आणि बसवताना शेवटी, हे विसरू नका. नाहीतर पाना बॉडीला टेकून ठिणगी उडते.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. भरलेली असूनही सेल्फ मारताना ९.५ च्या खाली कोसळत असेल तर मात्र ती गेली. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. कमी असतील तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो) किंवा त्याचा पट्टा बघा.

बाहेरून बसवलेली म्युझिक सिस्टिम आहे का? गाडी बंद असताना ३०० मिलिअँपिअर जरी ओढत असेल, तरी दिवसाला ७ अँपिअर-तास जातात. ३५ अँपिअर-तासांची बॅटरी चार-पाच दिवसांत झोपते. हे मोजायला मीटर मायनस केबलच्या मध्ये जोडतात. तसा जोडलेला असताना सेल्फ अजिबात मारू नका, मीटरचा फ्यूज उडतो.

आकडे घेतलेत की इथेच लिहा, अर्थिंगचा आधी.