गिलबर्न ही वेल्समधली किट कार कंपनी का बंद पडली? आणि आज जुनी गिलबर्न घ्यायची तर काय तपासावं?

गिलबर्न हे नाव दोन माणसांच्या नावांतून जुळवलेलं आहे. जाइल्स स्मिथ हे व्यवसायाने खाटीक, तर बर्नार्ड फ्रीझ हे फायबरग्लासचं काम जाणणारे जर्मन इंजिनिअर. 1959 मध्ये पॉन्टिप्रिदजवळच्या चर्च व्हिलेजमध्ये, स्मिथ यांच्या दुकानामागे पहिली गाडी उभी राहिली. पुढे कारखाना जवळच एका बंद कोळसाखाणीच्या जागेत गेला. गाडीच्या बिल्ल्यावर वेल्सचा लाल ड्रॅगन असे.

किट विकण्यामागचं खरं कारण कर हे होतं. त्या वेळी ब्रिटनमध्ये तयार गाडीवर मोठा खरेदी कर होता, 1959 मध्ये 50 टक्के. सुटे भाग घेऊन मालकानेच गाडी जोडली, तर तो वाचायचा. किट म्हटलं की भागांचा ढीग डोळ्यांसमोर येतो, पण गिलबर्नचं तसं नव्हतं. बॉडी रंगवून, आतली सजावट करूनच मिळायची. गिऱ्हाइकाने इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल, एक्झॉस्ट आणि चाकं बसवायची. माझ्या मते या कंपनीचं मोठेपण यातच आहे, कारण सर्वात अवघड काम, म्हणजे दरवाजे नीट बसणं आणि फिनिश, कारखान्यातच होत असे.

पहिल्या जीटी मॉडेलला बीएमसी या ब्रिटिश मोटार कंपनीचं 948 सीसीचं इंजिन होतं, नंतर एमजीए या स्पोर्ट्स गाडीचं आणि शेवटी तिच्यानंतरच्या एमजीबीचं 1798 सीसीचं. 1966 च्या जिनी या मॉडेलपासून फोर्डचं सहा सिलिंडरचं व्ही6 इंजिन आलं. 1968 मध्ये कंपनी एस होल्डिंग्ज या दुसऱ्या कंपनीकडे गेली आणि पुढे दोन्ही संस्थापक बाहेर पडले. 1969 मध्ये इन्व्हेडर हे मॉडेल आलं; त्याचं इस्टेट, म्हणजे मागे सामानाला मोठी जागा असलेलं रूपही निघालं.

1 एप्रिल 1973 रोजी खरेदी कर गेला आणि व्हॅट आला. तो किटवरही लागला, त्यामुळे स्वस्ताईचं कारणच उरलं नाही. पण सगळा दोष व्हॅटला देणं मला पटत नाही. इन्व्हेडर तोवर महागड्या गाड्यांच्या रांगेत जाऊन बसली होती, आणि वर्षाला मोजक्या गाड्या काढणाऱ्या कारखान्याला तिथे टिकणं कठीणच होतं. 1974 पर्यंत काम थांबलं. तिन्ही मॉडेल मिळून सुमारे हजारच गाड्या बनल्या.

आता गाडी बघायला जाल तेव्हा रंगाच्या चकाकीकडे लक्ष देऊ नका. बॉडी फायबरग्लासची असल्याने तिला गंज लागत नाही, पण तिच्याखाली पोलादी नळ्यांची चासी, म्हणजे सांगाडा आहे आणि बॉडी तिला कायमची चिकटवलेली आहे. दोन्हींच्या फटीत पाणी साचतं आणि नळी आतून सडते. गाडी लिफ्टवर घ्या, खालून प्रत्येक नळी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. बद्द आवाज आला की तिथे टोचून बघा. बॉडी उचलून वेगळी करता येत नसल्याने हे वेल्डिंग वेळखाऊ आणि महाग पडतं. रंगावर ताऱ्यासारख्या बारीक भेगा दिसल्या तर तो भाग खालच्या फायबरपर्यंत घासावा लागेल. नुसता रंग मारला तर भेगा परत वर येतात.

दिवे मिणमिणत असतील तर डायनामोला किंवा अल्टरनेटरला दोष देण्याआधी अर्थिंग बघा. फायबरमधून वीज परत जात नाही, म्हणून प्रत्येक दिव्याला अर्थची वेगळी तार लागते आणि तिची टोकं गंजतात.

व्ही6 इंजिनात दोन गोष्टी. इंजिनाच्या झडपा उघडणारा दांडा म्हणजे कॅमशाफ्ट; त्याला फिरवणारा टायमिंग गिअर मूळचा फायबरचा असतो. त्याचे दात तुटले की इंजिन जागीच बंद पडतं, म्हणून धातूचा बसवून घ्या, थोडा आवाज वाढला तरी चालेल. दुसरी म्हणजे ऑइल पंप फिरवणारा षट्कोनी दांडा. त्याच्या कडा झिजून गोल झाल्या की पंप थांबतो, ऑइलचा दाब शून्यावर येतो आणि बेअरिंगं जातात. इंजिन उघडलं असेल तर तो दांडा बदलूनच बंद करा.